एकशे सात नंबरचा लिंब

भिंगार
१२ नोव्हेंबर १९७०

सुमंत,

‘अनेक आशीर्वाद’ लिहायला हात उठत नाही, आणि ‘विनंती विशेष’ लिहावं इतका परका तू अजून झालेला नाहीस. तेव्हा मायना सोडून देते आणि कामाचं लिहिते. आईचे दिवस झाल्यावर पुढच्या खोलीला कुलूप लावून तू जबलपूरला निघून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तुला ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस. आजही लिहिलं नसतं, पण काम असं आहे की ते तुझ्याशिवाय अडलं आहे.

सावेडीला आमच्या शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेने जमीन घेतली. त्यात मी एक प्लॉट घेतला आहे. हसू नकोस, आणि इंदूलाही हसू देऊ नकोस. प्रॉव्हिडंट फंडातून काही काढले, आईच्या पाटल्यांतला माझा वाटा मोडला आणि पैसे भरून टाकले. सध्या तिथे बाभळी आहेत, दगड आहेत आणि आमचे खुंटे आहेत. शाळेतल्या बायका म्हणतात, संध्याकाळी कोल्हे ओरडतात. ओरडू देत. वर्गातल्या चाळीस मुलींची सवय आहे मला.

अडचण अशी आहे की मार्चअखेर बांधकामाच्या पैशांची व्यवस्था दाखवली नाही, तर संस्था प्लॉट परत घेणार. बारा हजार रुपये लागतील. बँक घर तारण ठेवून कर्ज देते, आणि घर म्हणजे आपलं भिंगारचं. अण्णांच्या मागे ते तुझं आणि माझं. म्हणून तुझी सही हवी.

संस्थेच्या चेअरमननी मला मार्तंडराव म्हणून एका गृहस्थांकडे पाठवलं होतं. भूतारण बँकेत तीस वर्षं कर्जाचे इन्स्पेक्टर होते, आता निवृत्त आहेत. घर, जमीन, गहाण यातलं त्यांना कळत नाही असं काही नाही म्हणतात. मी अण्णांच्या वेळच्या घरपट्टीच्या पावत्यांचं गाठोडं घेऊन गेले. त्यांनी ते सोडलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, की बाई, घर कशाला हवंय? मी म्हटलं, राहायला. ते म्हणाले, बरं, भावाला पत्र लिहा.

म्हणून लिहिलं.

दमयंती


भिंगार
६ डिसेंबर १९७०

सुमंत,

तुझं कार्ड पोचलं. कार्डच पाठवायचं होतं का? ते पोस्टमनने वाचलं, आणि त्याच्याकडून शेजारच्या छबूबाईने ऐकलं. म्हशीची धार काढता काढता ती मला विचारत होती, “बाई, भाऊ न्हाई म्हनला व्हय?” आता ती सकाळी दूध घालायला जाते तितक्या घरांना आपलं भांडण ठाऊक झालं.

‘अण्णांचं घर गहाण पडू देणार नाही. आधी वाटणी, मग सही.’ दोन वाक्यं. मिलिटरीच्या हिशेबखात्यात राहून तुझी भाषा चांगलीच सुधारली आहे.

मी रागाच्या भरात तडक मार्तंडरावांकडे गेले. म्हटलं, माझा भाऊ म्हणतो, गहाण म्हणजे बेअब्रू. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. आपल्या घरात तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. मार्तंडरावांनी पानाचा डबा उघडला आणि शांतपणे म्हणाले, की तुमच्या वडिलांनी गहाण पाहिलं ते सावकाराचं. सावकाराचा डोळा घरावर असतो, बँकेला घर नकोच असतं. बँक तुमच्या घरात येऊन काय पापड लाटणार? तिला दरमहा हप्ता हवा. तुम्ही हप्ता भराल हा तुमचा शब्द, आणि त्या शब्दाला टेकू म्हणून घर. शेवटचा हप्ता फिटला की टेकू काढून घ्यायचा, एवढाच हा व्यवहार.

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. मुद्दल म्हणजे काय, बोजा कुठे चढतो, कसा उतरतो. हप्ता ठरवताना चांगला महिना धरायचा नाही, वाईट महिना धरायचा. कुणी आजारी आहे, पाहुणे आले आहेत, चप्पल तुटली आहे, अशा महिन्यात जे उरेल तोच आपला हप्ता. मी भूगोलाची बाई, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुला तरी कुणी शिकवलंय का?

आता वाटणीचं. आईच्या तेराव्याला तू घर विकून पैसे वाटून घेऊ म्हणालास, तेव्हा मी विचारलं होतं, घर विकलं तर मी जाऊ कुठे? तू म्हणालास, जबलपूरला ये, आमच्यात राहा. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे आज लिहिते. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी चाळिशीनंतर पोळ्या लाटायला यावं, आणि पाहुण्यांनी विचारलं की ‘ही ह्यांची बहीण, हिचं लग्न झालं नाही’ असं इंदूने हळू आवाजात सांगावं, हे मला नको होतं. मी ते फार तिखट शब्दांत सांगितलं आणि तू कुलूप ठोकलंस. तुझ्या हिश्शाची खोली तू बंद केलीस. त्या खोलीला रस्त्यावरचं दार आहे, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

मार्तंडराव येत्या पंधरवड्यात घर बघायला येणार आहेत. त्यांनी किंमत काढली की वाटणीचं काय ते कळवीन.

दमयंती


भिंगार
२० डिसेंबर १९७०, रविवार

सुमंत,

हे पत्र बसून वाच. इंदूलाही जवळ बसव. मी एकटी हसले, तुम्ही दोघं मिळून हसा.

मार्तंडराव आज सकाळी सायकलवर आले. काळा कोट, धोतर वर खोचलेलं. ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. मी मागच्या बोळातून घरात गेले, तांब्या भरला आणि बोळातूनच वळसा घालून पुढे आले. त्यांनी तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, पाणी इतकं लांबून का आणलंत? मग मला कुलपाचं सांगावं लागलं. त्यांनी कुलूप पाहिलं, दार पाहिलं, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, की बाई, घर कशाला हवंय? या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, की मला पुढच्या दाराने घरात जायचं आहे.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

त्यांची घर बघायची रीत अजब आहे. भिंतीला हात लावत चालतात. पावसाचं पाणी कुणाच्या अंगणात जातं, शेजारणीला तुमचा धूर जातो का, असले प्रश्न विचारतात. मागच्या अंगणात आले आणि आपल्या लिंबापाशी थबकले. मी म्हटलं, हा आमचा एकशे सात. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, झाडाचं नाव आहे, लहानपणापासून आम्ही त्याला एकशे सातच म्हणतो. तुला आठवतं ना, ‘आई, मी एकशे सातखाली खेळतोय’ असं ओरडून तू पाटी-दप्तर तिथेच टाकून पळायचास. त्याच्या बुंध्यावर डांबराने आकडा लिहिलेला आहे, तेच त्याचं नाव झालं. दर काही वर्षांनी छावणीच्या कचेरीतला माणूस डांबराचा डबा घेऊन यायचा आणि आकडा उजळून जायचा. अण्णा त्याला चहा द्यायचे, आईने एकदा त्याला लाडूही दिला होता. आपल्याला वाटायचं, सरकारला आपलं झाड आवडतं.

मार्तंडरावांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “दमयंतीबाई, आपल्या मालकीच्या अंगणातल्या झाडाला सरकार नंबर घालतं का हो?”

मी म्हणणार होते, की घालतं ना, इकडे सगळ्यांच्याच झाडांना असतो. पण ‘सगळ्यांच्याच’पाशी माझी जीभ अडकली.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आपली जागा छावणीची आहे. इंग्रजांच्या वेळी कुणा कारकुनाला घर बांधायला दिलेली, पुढे आपल्या आजोबांकडे आलेली. भिंती आपल्या, कौलं आपली. राहा म्हटलं तर पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो. पण खालची जमीन लष्कराची आणि तिच्यावरची झाडंही लष्कराची. अण्णांना माडी चढवायची परवानगी का मिळत नव्हती, याचंही उत्तर तेच. अण्णा आयुष्यभर कचेरीच्या नावाने बोटं मोडत राहिले, पण परवानगी का लागते हे त्यांनी कधी विचारलं नाही. लष्कर हो म्हटल्याशिवाय हे घर गहाण पडत नाही, विकता येत नाही, आणि त्या हो-ची वाट बघत मार्च नव्हे, पुढची दिवाळीसुद्धा निघून जाईल.

भिंतीपलीकडून छबूबाई ऐकत होतीच. ती म्हणाली, “ही समदी जागा पलटनीचीच हाय की. आमी म्हस बांधतो, त्याचं बी भाडं भरतो. बाई, तुमाला ठावं न्हवतं व्हय?”

सुमंत, मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना, मग मी लिंबाखालच्या दगडावर बसूनच घेतलं. तीन वर्षं. पुढची खोली तुझी, मागची माझी, मोरी सामाईक. तू अर्धं लष्कर कुलपात घालून गेलास आणि उरलेल्या अर्ध्यावर मी तोंड फुगवून बसले. आपल्या दोघांचं मिळून इथे एक हात जमीन नाही. मार्तंडराव उभे राहून पाणी प्यायले आणि म्हणाले, हसून घ्या, या ठिकाणी पुष्कळ लोक रडतात.

हसून झाल्यावर मात्र ध्यानात आलं. तारण द्यायला आता माझ्याकडे काहीच नाही, आणि मार्च समोर आहे. मार्तंडराव म्हणाले, उद्या संध्याकाळी या, अजून एक वाट आहे. ती कुठली ते सांगितलं नाही.

तुझ्या सहीची मात्र आता गरज उरलेली नाही. वाटणीचीही नाही.

दमयंती


भिंगार
१७ जानेवारी १९७१

सुमंत,

तुझं पत्र आलं, चक्क दोन पानी आणि पाकिटातून. रजिस्टरने किल्लीही आली. तू माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता तिथल्या छावणीच्या कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला विचारून घेतलंस, हे वाचून मला बरंच वाटलं. अण्णांचा मुलगा शोभतोस. मीही इथल्या कचेरीत जाऊन विचारून आले होते.

कुलूप उघडायला गोडेतेल घालावं लागलं. आतल्या गादीत उंदरांनी संसार मांडला होता, ती जाळून टाकली. खोली झाडली, पुसली आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. मग काय केलं सांगू? मागच्या दाराने बाहेर पडले, बोळातून रस्त्यावर आले आणि पुढच्या दाराने आत शिरले. पुन्हा बाहेर गेले आणि पुन्हा आत आले. छबूबाई दुधाची बादली घेऊन बघत उभी राहिली होती. तिला वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलं.

किल्लीबरोबर तू एकच ओळ लिहिलीस, की ‘दार रस्त्यावरचं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं’. मला ते खरं वाटतं. तुझ्या लक्षात काय येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आता माझ्या कर्जाचं. मार्तंडरावांची दुसरी वाट ऐकून मला आधी वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. ते म्हणाले, सावेडीचंच घर तारण द्या. मी म्हटलं, तिथे घर नाही, बाभळी आहेत. ते म्हणाले, प्लॉट आहे, नकाशा आहे, तुमचा पगार आहे. जे घर अजून उभं नाही तेच गहाण टाकायचं. बँक बारा हजार एकदम हातात देत नाही. जोतं झालं की थोडे, भिंती दारावर गेल्या की थोडे, स्लॅब पडला की उरलेले. दर वेळी त्यांचा माणूस येऊन बघून जातो. घर जसं वर येतं, तसं कर्जही वर येतं.

मला त्या रात्री झोप नव्हती, पण काळजीने नव्हे. आपल्याजवळ असलेली वस्तू देऊन पैसे आणायचे, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. पुढे जे करणार आहोत त्याच्या भरवशावरही कुणी आपल्याला उभं करतं, हे चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली, ती तुलाही उपयोगी पडेल. पंधरा वर्षांच्या कर्जात सुरुवातीचे हप्ते जवळजवळ व्याजातच जातात, मुद्दल हलत नाही. माणसाला वाटतं, भरतोय भरतोय आणि कर्ज तिथेच. म्हणून पहिल्या काही वर्षांत जमेल तेव्हा पाच-पंचवीस रुपये जास्तीचे भरायचे आणि ते मुद्दलात जमा करा असं लिहून द्यायचं. शेवटची काही वर्षं गळून पडतात.

पण बँकेच्या मीटिंगमध्ये अडलंच. एक डायरेक्टर म्हणाले, बाई अविवाहित आहेत, मागे पुरुषमाणूस कोण? मला बाहेर बसवलं होतं, पण दार उघडं होतं. माझे कागद समजावून द्यायला आत गेलेले मार्तंडराव म्हणाले, नवरा असता तर तुम्ही त्याच्या पगाराची चौकशी केली असती, ती बाईंच्या पगाराची करा. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तरीही मंडळींनी दोन जामीनदार मागितले आहेत, आणि त्यातला एक शक्यतो घरातला असावा म्हणे.

मी तुला जामीन हो असं म्हणत नाही. जे झालं ते कळवते.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात टाकला आहे. गोड बोलायचं की नाही हे अजून माझं ठरलेलं नाही, पण तिळगूळ खा.

ताई


भिंगार
२१ फेब्रुवारी १९७१

प्रिय सुमंत,

मी न मागता तू लिहिलंस, ‘ताई, जामीन मी होतो, कागद पाठव.’ ते पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. सहावीच्या वर्गात नद्या शिकवताना मधेच एकदा काढून वाचलं. मुलींना वाटलं असेल, बाईंना कुणाचं पत्र आलं कोण जाणे.

मग आनंदाने मार्तंडरावांकडे गेले. म्हटलं, काम झालं, भाऊ जामीन होतोय. मला वाटलं, तेही खूश होतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कधी नव्हे तो त्यांचा आवाज जरा चढला.

“भावाला जामीन घेऊ नका. आज तुमचं नुकतं जुळतंय. उद्या दोन हप्ते चुकले, तर बँकेची नोटीस जबलपूरला जाईल. बँकेला तिचे पैसे मिळतील हो, पण तुम्हाला भाऊ मिळायचा नाही. तीस वर्षांत मी बुडालेली कर्जं थोडी पाहिली, तुटलेली घरं फार पाहिली.”

मी म्हटलं, माझे हप्ते चुकायचे नाहीत. ते म्हणाले, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि बहुतेक जण खरंही करून दाखवतात. पण भाऊ ही पणाला लावायची गोष्ट नाही.

मी घरी आले ती थोडी खट्टू होऊनच. पण रात्री विचार केला आणि एकदम हलकं वाटलं. आपलं भांडण कशावरून झालं होतं? घरावरून, हिश्शावरून. आता पुन्हा तुझ्या-माझ्यामध्ये पैसा आणून बसवायचा, तोही पंधरा वर्षं? मला नको आहे तो तिथे.

तेव्हा जामीनदार मिळवले शाळेतून. आमच्या मुख्याध्यापिकाबाई एक, आणि शिवणाच्या मनकर्णाबाई दुसऱ्या. मनकर्णाबाईंचा प्लॉट माझ्या शेजारीच आहे. पुढच्या वर्षी त्या कर्ज काढतील तेव्हा मी त्यांना जामीन राहणार. ‘घरातला माणूस’ मागणारे डायरेक्टर जरा कुरकुरले, पण दोघींचे पगार पाहून गप्प बसले. कर्ज मंजूर झालं, सुमंत. कागद हातात आहे. मी तो कुठे ठेवू आणि कुठे नको असं करत शेवटी पिठाच्या डब्यावर ठेवला आहे, कारण तिथे तो येता-जाता दिसतो.

मी मार्तंडरावांना विचारलं, की भावाला आता काय कळवू? त्याने आपण होऊन हात पुढे केला, त्याला नाही म्हटलं तर वाईट वाटेल. ते म्हणाले, साक्षीदार म्हणून बोलवा. गहाणखतावर दोन साक्षीदार लागतात. एक मी आहे, दुसरी जागा रिकामी आहे. जामीनदाराचं पैशाशी नातं असतं. साक्षीदाराला काही द्यावं लागत नाही आणि काही मिळतही नाही. बाईंनी माझ्यासमोर आपल्या हाताने सही केली, एवढंच त्याने सांगायचं.

तर सुमंत, मला तुझ्याकडून काहीही नको आहे. हेच वाक्य तीन वर्षं मी मनातल्या मनात रागाने म्हणत होते. आज ते मी सुखाने लिहिते आहे. सही नको, हिस्सा नको, जामीन नको. सोमवारी, बावीस मार्चला नगरच्या रजिस्ट्रार कचेरीत मी माझ्या घरावर सही करणार आहे. तेव्हा माझ्या शेजारी उभा राहायला ये. जबलपूरची गाडी मनमाडला पोचली की तिथून दौंडकडे जाणारी गाडी मिळते, तिच्यातून कुठे उतरायचं ते तू विसरला नसशीलच. रजा काढ, इंदूलाही आणता आलं तर आण. मुलांची परीक्षा असेल तर राहू दे, नंतर सगळे या.

न येता आलं तरी मी रागावणार नाही. खरंच नाही. पण ये.

तुझी ताई


भिंगार
२३ मार्च १९७१

प्रिय सुमंत,

तुझी गाडी अजून मनमाडलाही पोचली नसेल आणि मी लिहायला बसले आहे. काल दिवसभर तू समोर होतास, तेव्हा मी तुला जेवायला वाढलं, तुझा शर्ट उसवलेला दिसला तो शिवला, आणि बोलले काय, तर सिमेंटचे भाव. सगळं बोलणं राहून गेलं.

सावेडीला तू बाभळींमध्ये उभं राहून म्हणालास, फार लांब आहे ताई, आणि स्वयंपाकघराची खिडकी तू चुकीच्या बाजूला काढली आहेस. मी म्हटलं, घर माझं, खिडकी माझी. तू म्हणालास, बरं. आपलं एवढं छोटं भांडण कधी झालं होतं का रे? मला ते इतकं आवडलं की खिडकी मी तुझ्या बाजूला काढणार आहे. मनकर्णाबाई म्हणतात, पाडव्याला कुदळ मारून घेऊ. मार्तंडराव म्हणतात, मुहूर्त कुठलाही धरा, पण जोतं जूनच्या आत झालं पाहिजे.

पण मला लिहायचं आहे ते कचेरीतलं. तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते.

मी सही केली, अंगठा उठवला. मार्तंडरावांनी साक्षीची सही केली. त्या कारकुनाने त्यांना मान वर न करताच दोन प्रश्न विचारले आणि सोडलं, कारण ते तिथे रोजचेच. मग तुझी पाळी आली. त्याने विचारलं, “या बाईंना तुम्ही स्वतः ओळखता?”

तू आधी हातातली पिशवी खाली ठेवलीस. सुमंत, तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. आईच्या तेराव्याचा दिवस आला. कुलूप लावताना तुझी पाठ दिसली होती, ती दिसली. मला वाटलं, हा आता काय म्हणणार.

तू म्हणालास, “ओळखतो.”

“किती वर्षांपासून?”

“एकोणचाळीस.”

त्याने ते लिहिलं, टाक दौतीत बुडवला आणि पुढचा प्रश्न विचारला, “तुमचं वय?”

“एकोणचाळीस,” तू म्हणालास.

तेव्हा त्या कारकुनाने पहिल्यांदा मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी अंगठ्याची शाई पुसत राहिले, ती केव्हाच निघाली होती तरी. मला फार बरं वाटलं, सुमंत. घर मिळालं त्याहूनही जास्त.

ताई